सायकलची नोंद मालकाच्या रक्षणासाठी व्हावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोटारींप्रमाणे सायकलींनाही क्रमांक असावा, सायकलस्वारांनाही चालान व्हावे, अशी मागणी आपल्या नागपुरात अधूनमधून ऐकू येते आणि ती करणाऱ्यांत स्वतः सायकल न चालवणाऱ्यांचा भरणा अधिक असतो. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. नोकरीची सगळी वर्षे शाळेत सायकलनेच गेलो आणि आजही हनुमाननगरातून महाल, इतवारी, सीताबर्डीपर्यंतची बहुतेक कामे सायकलनेच करतो. सायकलींची नोंद व्हावी असे मलाही मनापासून वाटते. पण ती कर गोळा करण्यासाठी किंवा दंडाची पावती फाडण्यासाठी नव्हे, तर चोरीला गेलेली सायकल तिच्या मालकाला परत मिळावी यासाठी. नोंदणीचा हेतू कोणता, यावरच तिचे नियम कसे असावेत हे ठरते, आणि नेमका हाच मुद्दा या चर्चेत राहून जातो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आज कायद्याची स्थिती अशी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत साधी सायकल बसत नाही, त्यामुळे प्रादेशिक परिवहन कार्यालयात तिची नोंद नसते, ती चालवायला परवाना लागत नाही आणि तिचा विमाही सक्तीचा नाही. म्हणून सायकल कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असे मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ नुसार रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे, त्यात सायकलने जाणाऱ्यांचेही, नियमन करण्याचे अधिकार पोलीस आयुक्तांना आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील वाहनाच्या व्याख्येत सायकलीचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्याच अधिनियमात वाहनकराची तरतूद आहे. राज्यातील अनेक शहरांत पूर्वी सायकलीवर असा वार्षिक कर होता. तो भरला की पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीला ठोकून घ्यावा लागे. माझ्या पिढीतील वाचकांना हा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीट बसल्याबद्दल हवा सोडणारा शिपाई हे सारे आठवत असेल. तो बिल्ला वर्षाचा कर भरल्याची खूण होता. सायकल कोणाची आहे हे सांगणे त्याचे काम नव्हते, आणि कर गेला तसा बिल्लाही गेला.

हा विषय आता पुन्हा पुढे येण्याला एक कारण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये (१अ) हे पोटकलम घातले गेले आणि सायकल, हातगाडी, सायकल रिक्षा यांसारख्या यंत्राविना चालणाऱ्या वाहनांविषयी तसेच पादचाऱ्यांविषयी रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. कोइम्बतूरच्या एका अस्थिशल्यविशारदांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या रस्ता सुरक्षेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. म्हणजे सायकलीसंबंधी नियम करायचे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोणाच्या बाजूने केले जातील, एवढाच प्रश्न आहे. मोटारचालकांना वाटेतील अडथळा दूर व्हावा असे वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण तेवढ्याच दृष्टीने नियम झाले तर काय होते ते कोलकात्यात दिसले. तेथे २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली गेली, दूधवाले, पेपरवाले, छोटे फेरीवाले यांची रोजची वाट तुटली आणि पुढे ती यादी कमी करावी लागली. नागपुरात असा विचारही कोणी करू नये.

आता चोरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीच्या शिक्षेबरोबर एक नवी तरतूद आली आहे : चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने तो माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. पहिल्या चुकीसाठी कोवळ्या वयाच्या मुलाला तुरुंगात धाडू नये, हा यामागचा विचार मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाच हजारांखालील चोरीचा हा प्रकार अदखलपात्र ठरवला गेला आहे आणि अदखलपात्र प्रकरणाचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना करता येत नाही. जुन्या दंड संहितेत चोरी कितीही रुपयांची असली तरी ती दखलपात्र होती.

याचा अर्थ सायकलवाल्यांच्या दृष्टीने काय होतो? चाळीस हजारांची गिअरची सायकल फुटाळ्याच्या काठावरून गेली तर गुन्हा दाखल होतो आणि तपास सुरू होतो. कळमना बाजारात पहाटे हमालीला जाणाऱ्या माणसाची दहा वर्षे वापरलेली काळी सायकल गेली, तर तिची बाजारातील किंमत हजार-दीड हजार धरली जाते, ठाण्यात एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हाती पडतो आणि गोष्ट तेथेच थांबते. पहिल्या माणसाचे नुकसान मोठे आहे हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्याची दुसऱ्या दिवशीची मजुरी त्या सायकलीवर अवलंबून असते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून ठराविक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल घ्यायला अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आले. कायद्याने आखलेली रेषाही नेमकी पाच हजारांचीच आहे. अनुदानाच्या रकमेत घेतलेली सायकल वर्षभर वापरली की तिची किंमत त्या रेषेखाली जाते आणि ती चोरीला गेली तर तपासाचा हक्कच उरत नाही. सरकार एका हाताने मुलीला सायकल देते आणि ती गेल्यावर शोधायची कोणी, याचे उत्तर मात्र देत नाही.

कायद्यातील ती मर्यादा बदलणे महापालिकेच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या हातात नाही. सायकल ओळखता येईल अशी व्यवस्था करणे मात्र नक्कीच त्यांच्या हातात आहे. पोलीस ठाण्यांच्या आवारात सापडलेल्या सायकली गंजत पडलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मालक माहीत नसेल तर अशा मालाविषयी उद्घोषणा काढायची, सहा महिने वाट पाहायची आणि कोणी आला नाही तर त्याची विल्हेवाट लावायची, अशी कायद्याची पद्धत आहे. ज्याची सायकल गेली तो उद्घोषणा वाचायला कोठे जाणार? आणि वाचली तरी ती सायकल आपलीच आहे हे तो सिद्ध कसे करणार? माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना आपली सायकल ठाण्याच्या आवारात दिसली होती, ती त्यांनी वाकलेल्या कॅरिअरवरून ओळखलीही होती. पण खरेदीचे बिल नव्हते, म्हणून ती परत मिळाली नाही. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. कागदाशिवाय सायकल कोणाच्या हवाली केली आणि उद्या खरा मालक दुसराच निघाला, तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता.

कागद नाही, पण खूण मात्र बहुतेक सायकलींवर कारखान्यातूनच आलेली असते. पायडलचा कणा ज्या नळीत फिरतो तिच्या खालच्या बाजूला, किंवा सीटच्या नळीवर, फ्रेम नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून, चिखल आणि ग्रीस पुसून पाहिले की तो वाचता येतो. कितीतरी लोक वर्षानुवर्षे सायकल वापरतात आणि हा नंबर त्यांनी एकदाही पाहिलेला नसतो. दोन कंपन्यांचे नंबर सारखे निघू शकतात, म्हणून नंबरासोबत कंपनी, रंग, एखादी ठळक खूण आणि मालकासह सायकलीचा एक फोटो, एवढे नोंदवले तर पुरावा म्हणून ते पुष्कळ झाले. रंग देताना नंबर बुजला असेल तर नवा नंबर पंचाने ठोकून द्यावा. हे काम कोणताही सायकल दुरुस्त करणारा पाच मिनिटांत करू शकतो.

अशी नोंद कोठे व्हावी? महापालिकेच्या दहा झोन कार्यालयांत एक नवी खिडकी उघडावी असे मी मुळीच सुचवणार नाही, कारण ज्याची रोजची मजुरी बुडते तो त्या रांगेत उभा राहणार नाही. नवी सायकल विकताना दुकानदारानेच नोंद करावी आणि जुन्या सायकलींसाठी शाळा, महाविद्यालये, बाजार समिती, हिंगणा व बुटीबोरी येथील कारखान्यांची फाटके अशा ठिकाणी पोलिसांनी अधूनमधून शिबिरे घ्यावीत. नोंद विनामूल्य आणि एकदाच असावी. दरवर्षी नूतनीकरण आले की शुल्क येते, शुल्क आले की मुदत चुकते आणि मुदत चुकली की दंड येतो. मग आपण पुन्हा त्या जुन्या बिल्ल्यापाशी जाऊन पोहोचतो.

जुनी सायकल विकत घेणाऱ्यांकडे बिल नसते, ही यातील खरी अडचण आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. बिलाची अट घातली तर ज्यांना या नोंदीची सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहतील. अट अजिबात घातली नाही तर चोरलेली सायकल स्वतःच्या नावावर चढवून घेण्याचा मार्ग खुला होतो. माझ्या मते स्वयंघोषणा, एक ओळखपत्र आणि ओळखीच्या एका माणसाची सही एवढे पुरेसे मानावे. नोंद करताना तो नंबर चोरीच्या तक्रारींत आहे का ते तपासावे. आणि पहिले काही महिने हरकतीला वाव ठेवून नंतर नोंद पक्की करावी. सायकल विकली तर नाव बदलून घेण्याची सोय मोबाइलवरून असावी. ही माहिती चोरीच्या तपासाखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरली जाणार नाही, हे आदेशातच लिहिलेले असावे. माणसे नोंदवहीला घाबरतात ती तिचा पुढे काय उपयोग होईल याची खात्री नसते म्हणून, आणि त्यांची भीती अवाजवी नाही.

सक्ती असावी का, यावर मतभेद होतील. जपानमध्ये १९९३ च्या कायदादुरुस्तीनंतर सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी बंधनकारक झाली. ती साधारणपणे विकणाऱ्या दुकानातच थोडक्या शुल्कात होते, माहिती पोलिसांकडे जाते आणि विशेष म्हणजे नोंद न करणाऱ्याला शिक्षा नाही. उलट, टोरांटो शहराने सायकल परवान्याची पद्धत १९५७ मध्येच सोडून दिली, लॉस एंजेलिसने २००९ मध्ये आपला परवाना रद्द केला आणि स्वित्झर्लंडने दरवर्षी विकत घ्यावी लागणारी विम्याची चिकटपट्टी २०१२ पासून बंद केली. दरवर्षी शुल्क घेऊन परवाने वाटण्याचा खटाटोप त्याच्या उपयोगापेक्षा जड होतो, असाच अनुभव अनेक ठिकाणी आला आहे. म्हणून नव्या सायकलीची नोंद दुकानदाराला बंधनकारक आणि जुन्या सायकलीची नोंद मालकाला ऐच्छिक, दंड मात्र कोणालाच नाही, ही मांडणी मला योग्य वाटते. नोंद नसलेली सायकल रस्त्यात अडवण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये, याविषयी मी आग्रही आहे. असा अधिकार एकदा दिला की सकाळी सहाला कामावर निघालेला बांधकाम मजूरच प्रथम अडवला जाईल.

आता चालवण्याच्या नियमांविषयी. सायकलस्वार नियम पाळत नाहीत, या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवणे धोक्याचे आहे. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला काळे कपडे घातलेला, काळ्या सायकलीवरचा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. नव्या सायकलींवरील परावर्तकांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. पण रस्त्यावर आज जुन्या सायकलीही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मडगार्डवर काहीच नसते. नोंदणीच्या वेळीच मागे लाल व पुढे पांढरी परावर्तक पट्टी मोफत लावून दिली, तर नोंदणीला माणसे आपणहून येतील आणि कामठी रोड किंवा वर्धा रोडवरून रात्रपाळीला जाणाऱ्यांचे प्राण वाचतील. दंडाच्या पावतीपेक्षा ही पट्टी स्वस्त पडेल.

उलट दिशेने येणाऱ्या सायकलींचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. तसे येऊ नये, हे निर्विवाद. परंतु रिंग रोडवर दुभाजक लांबवर सलग असेल आणि पलीकडच्या बाजूला जाण्यासाठी भर उन्हात मोठा वळसा घालावा लागत असेल, तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पायडल मारणारा माणूस जवळची वाट धरणार. तेथे सायकल व पादचाऱ्यांपुरती सुरक्षित फट ठेवणे हाच उपाय आहे, आणि ती ठेवल्यानंतर नियम कडक करावा. सिमेंट रस्त्यांच्या कडेचेही तसेच आहे. सायकलस्वाराने डाव्या कडेने चालावे हा नियम योग्यच. पण अनेक ठिकाणी सिमेंटचा थर आणि बाजूचे गट्टू यांच्या उंचीत इतका फरक असतो की त्या कडेवरून चाक घसरले की माणूस थेट मोटारींच्या बाजूला पडतो. कडेने चाला असे सांगणाऱ्यांनी आधी कड समतल करून द्यावी.

२०२० मध्ये केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज स्पर्धेत नागपूर सहभागी झाले होते आणि शहरात सायकलींसाठी मार्गिका आखण्यात आल्या होत्या. आपल्या मेट्रोत सायकल घेऊन जाता येते, ही देशातील अनेक शहरांना हेवा वाटावा अशी सोय आहे. मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांनुसार सायकल मार्गिकेवरून मोटार नेता येत नाही. मग मार्गिकेवर मोटार आढळली तर तिच्यावर कारवाई करायला नव्या नियमाची वाट पाहण्याची गरज नाही. सायकलस्वारांसाठी नवे नियम करण्याआधी त्यांच्या बाजूने असलेला हा जुना नियम पाळला जावा, ही अपेक्षा रास्त आहे.

विजेवरच्या सायकलींचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा सायकलीला बसवलेल्या विजेच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला तिचे साहाय्य थांबत असेल, तर ती सायकलच समजली जाते. तिला क्रमांक, परवाना लागत नाही. पण वेगाची ही मर्यादा काढून टाकली की ती कायद्याने मोटार वाहन होते आणि मग नोंदणी, विमा व परवाना हे तिन्ही लागतात. दहावी-अकरावीची मुले अशी वाहने भरधाव चालवताना दिसतात. तपासणी करायचीच असेल तर ती येथे करावी, आणि मुलापेक्षा वेगमर्यादा काढून देणाऱ्या दुकानदाराला जबाबदार धरावे. साध्या सायकलीला आणि या वाहनाला एकाच नियमात बांधणे दोघांवरही अन्याय करील.

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्त यांनी एकत्र बसून एक साधा नमुना तयार करावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. सुरुवात शाळांच्या सायकल स्टँडवर करावी. मुलांनी आपापली सायकल उलटी करून फ्रेम नंबर शोधायचा, शिक्षकांनी तो दोनदा वाचून खात्री करायची आणि त्याची एक प्रत पालकांच्या मोबाइलवर, दुसरी पोलिसांकडे जायची. या कामासाठी माझ्यासारखे पुष्कळ सेवानिवृत्त शिक्षक विनामोबदला वेळ देतील. प्रशासनाने नुसते बोलवावे. आपल्या अंकाचे गठ्ठे पहाटे घेऊन घरोघरी निघणाऱ्या मुलांच्या सायकलींची नोंद, वृत्तपत्राने मनावर घेतले तर, त्याच्याही आधी वितरण केंद्रांवरच होऊ शकेल.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक
हनुमाननगर, नागपूर